चार्ज माझ्याकडे होता

आमच्या घरात दर मे महिन्यात एक गोष्ट सांगितली जाते. माझा थोरला भाऊ घरासमोरच्या खळ्यात वाळवणाची राखण करत बसला होता, तो खुर्चीतच झोपला आणि त्याच्या नाकासमोर बसून माकडांनी आंब्याची साठं खाल्ली, ही ती गोष्ट. सांगताना वहिनी माकड कसं बसलं होतं ते करून दाखवतात. सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो.

ती गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी आज जिवंत असलेल्या माणसांपैकी फक्त मला माहीत आहे. माझी सगळी नोकरी रत्नागिरीच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेली. लोकांच्या जबान्या ऐकून कान किटले. आता वय ब्याऐंशी. स्वतःची जबानी तेवढी द्यायची राहिली आहे.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. तीस वर्षं त्याने दापोलीची गाडी, राजापूरची गाडी, मालगुंडची गाडी अशा घोषणा केल्या आणि प्रत्येक गाडीची आल्या-गेल्याची वेळ वहीत लिहिली. घड्याळ त्याच्या अंगात मुरलं होतं. ड्युटी बदलताना पुढच्या माणसाला वेळेसकट चार्ज द्यायचा, ही सवय तो घरीही घेऊन आला. आंघोळीहून बाहेर पडला की मला म्हणायचा, "न्हाणीघराचा चार्ज घे. सात वाजून वीस." वहिनी बाजारात निघाल्या आणि चुलीवर दूध असलं, तर तेही चार्ज देऊन. अठ्ठ्याण्णव साली तो रिटायर झाला तेव्हा मला खरोखर काळजी वाटली होती, की हा आता दिवसभर आम्हालाच सोडणार आणि थांबवणार.

पुढच्याच दिवाळीनंतर त्याला झटका आला. सकाळी चहाची कपबशी डाव्या हातातून निसटली आणि तोंड वाकडं झालं. डॉक्टर वेळेवर भेटले. महिन्याभरात तो काठी घेऊन चालायला लागला, दोन महिन्यांत बोलणं सुधारलं. डाव्या हाताची बोटं जरा आखडलेली राहिली, एवढंच. आम्ही सुटलो म्हणून सत्यनारायण घातला. त्या पूजेत दादा कथेच्या दुसऱ्या अध्यायातच झोपला.

तिथून पुढे तो कुठेही झोपायला लागला. न्हाव्याच्या खुर्चीत झोपला. न्हावी बिचारा वस्तरा वर धरून उभा. जेवताना घास हातात घेऊन झोपला. समोर बसलेला माणूस बोलतोय आणि दादा "हो, हो" करता करता घोरायला लागला, हे तर रोजचंच. एकदा आमच्याकडे सोयरीक जमवायला पाहुणे आले होते. पुतण्याचं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील म्हणाले, "तुमच्या काही अपेक्षा?" आणि नवरदेवाच्या बापाने उत्तरादाखल एक लांबलचक घोरणं सोडलं. मुलीचे वडील मोठे सज्जन. ते म्हणाले, "अपेक्षा दिसत नाहीत. उत्तम." लग्न ठरलं.

आम्हाला सगळ्यांना वाटे, माणूस आळसावला आहे. झटक्यानंतर काम नाही, धंदा नाही, खायचं आणि झोपायचं. मी तर तोंडावर बोलायचो. "दादा, तीस वर्षांची झोप आता वसूल करतोयस की काय?" तो ओशाळून हसायचा. म्हणायचा, "अरे, सकाळी उठतो तेच दमून उठतो. रात्रभर गाडी ढकलल्यासारखं वाटतं." या वाक्याकडे आमच्यापैकी कुणीही लक्ष दिलं नाही.

त्याला झेपेल असं एकच काम घरात उरलं होतं, ते वाळवणाच्या राखणीचं. मे महिन्यात खळ्यात फणसाच्या सावलीला खुर्ची टाकायची, हातात लांब काठी, पायाशी वाजवायला पत्र्याचा डबा. कावळा आला की काठी, माकडं आली की डबा. दादा ते काम स्टँडवर असल्यासारखं करायचा. कावळ्यांनाही सांगायचा, "मागे व्हा, मागे व्हा, गाडी लागतेय." झोप येऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने उठून ताटांमधून एक चक्कर मारायचा. त्या खुर्चीत बसला की चेहऱ्यावर जुना रंग यायचा. घरात आपल्यावाचून काही अडतं, एवढं माणसाला पुरतं.

दोन हजार एकच्या मे महिन्यात वहिनींनी चाळीस ताटं साठं घातली होती. हापूसचा रस आटवून ताटांत ओतायचा, वाळला की वर दुसरा थर, मग तिसरा, मग उलटून दुसरी बाजू. आठ-दहा दिवसांचं काम. त्या वर्षी लग्न असल्यामुळे मुलीकडच्यांना पाठवायची साठंही त्यातच होती. शेवटचं एक ऊन राहिलं होतं.

दुपारी जेवणं झाली. वहिनी आणि माझी बायको मागच्या खोलीत आडव्या झाल्या. मी खळ्यात आलो तर दादाची मान डुलत होती. मला दया आली, हेही खरंच आहे. मी म्हटलं, "दादा, जा, आत जाऊन पड. मी बसतो."

त्याने डोळे ताणून उघडले. "नक्की?"

"नक्की. जा तू."

मग तो उठला, काठी माझ्या हातात दिली आणि घड्याळात बघून म्हणाला, "चार्ज दिला. एक वाजून पन्नास."

"घेतला," मी म्हटलं.

हे एवढंसं बोलणं आज जिवंत असलेल्या कुणालाही मी सांगितलेलं नाही.

दहा मिनिटं मी बसलो. दगडी गडग्यापलीकडच्या शेजाऱ्यांनी नुकताच रंगीत टीव्ही घेतला होता आणि त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. ओरडण्याचा आवाज आला. आउट कोण झालं तेवढं बघून येऊ, म्हणून मी काठी खुर्चीवर ठेवली आणि गडगा ओलांडून गेलो. तिथे कुणीतरी लिंबाचं सरबत हातात दिलं. मग म्हटलं, ही ओव्हर बघू. मग पुढची. साठं माझ्या डोक्यातून साफ गेली.

तासाभराने आमच्या खळ्यातून ताटांचा खणखणाट झाला.

मी धावत आलो तर पंधरा-वीस माकडं. चिकट झालेले हात चाटत होती. अर्धी ताटं उलटी पडलेली. आणि खुर्चीत दादा! मांडीवर काठी, मान खाली, गाढ झोपलेला. त्याच्यापासून दोन हातांवर एक मोठी माकडीण, पिल्लाला पोटाशी धरून, सावकाश साठाची पोळी फाडून खात होती. माझा अंदाज असा, की पाणी प्यायला तो उठला असावा, खुर्ची रिकामी दिसली असावी, आणि राखणीची जागा मोकळी सोडायची नाही म्हणून येऊन बसला असावा. त्याला स्वतःला यातलं धड काही आठवत नव्हतं.

आवाजाने बायका बाहेर आल्या. वहिनींनी डोक्याला हात लावला. "अहो! अहो, उठा! काय ही झोप!"

माझी बायको माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही कुठे होतात?"

मी तेव्हा बेड्याशी, म्हणजे खळ्याच्या फाटकाशी उभा होतो, धापा टाकत. खरं सांगायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "मी आत्ताच आलो बाजारातून. दादा बसला होता ना."

दादा जागा झाला. त्याने माकडांकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं, आणि विचारलं, "चार्ज कुणाकडे होता?"

वहिनींनाही त्या रागात हसू फुटलं. माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. दादा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. फार हळू आवाजात त्याने मला विचारलं, "माझ्याकडे होता?"

मी म्हटलं, "हो."

बस्स, एवढाच गुन्हा. सव्वीस ताटं गेली. साठं पुन्हा घालता आली असती, आंबे होते. पण दादाने काठी भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाला, "मला आता काही सोपवू नका. माझा भरवसा राहिला नाही." वहिनींनी चार दिवसांनी समजूत घातली, माझ्या बायकोने घातली. तो खळ्यात बसेना. ओटीवर, भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा.

मी नवराबायकोच्या भांडणांपासून जमिनीच्या वादांपर्यंत शेकडो साक्षीदार पाहिले. खोटं बोलणारा माणूस नंतर फिर्यादीच्या आजूबाजूला घुटमळतो, हे मला माहीत होतं. मीही तसाच घुटमळायला लागलो. रोज दुपारी दादा ओटीवर झोपला की मी त्याच्या शेजारी पेपर घेऊन बसायचो. माशा वारायचो. उठला की पाणी द्यायचो. वहिनी म्हणायच्या, "भावोजींचं यांच्यावर किती प्रेम बघा." मी पेपरात तोंड खुपसायचो.

असा बसलेला असताना मला एक वेगळंच काही दिसलं. दादाचं घोरणं म्हणजे चढावरून येणारी जुनी गाडी. ती वाढत वाढत जायची आणि अचानक बंद. छाती हलायची, पोट हलायचं, पण नाकातोंडातून काही नाही. मी पेपर खाली ठेवला. ओठ निळसर दिसायला लागले. मी हात पुढे करणार, तेवढ्यात एक मोठा आचका, घशात सेल्फ मारल्यासारखा आवाज, आणि गाडी पुन्हा सुरू. दोन मिनिटांनी पुन्हा बंद.

वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "ते होय? रात्रीही तसंच असतं. लग्न झाल्यापासून घोरतात. हे थांबायचं मात्र झटक्यापासून वाढलंय. मी आपली कोपराने ढोसते."

मी दादाचंच जुनं घड्याळ घेतलं आणि एक दोनशे पानी वही काढली. आणि दादा तीस वर्षं लिहायचा तसं लिहायला लागलो. "दोन वाजून दहा मिनिटं. थांबली. पंचवीस सेकंदांनी सुटली. दोन वाजून बारा. थांबली. चाळीस सेकंद." शेरा या रकान्यात: "ओठ निळे", "लाथ मारली", "मालगुंड, मालगुंड असे म्हणाला". एका तासात एकतीस वेळा गाडी बंद पडली. असे मी आठ दिवस लिहिले.

वही घेऊन आम्ही दोघे झटक्याच्या वेळच्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"कुठल्या डेपोला आहात?"

दादा पहिल्यांदाच खुलला. "डेपोचा मी, साहेब. हा कोर्टातला. याला शेरे कुठे लिहायचे कळत नाही."

डॉक्टर हसले, पण मग गंभीर झाले. म्हणाले, हा आळस नव्हे. झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू घाबरून यांना उठवतो. इतकं थोडंसं उठवतो की यांना कळतही नाही. रात्रभर असं चाललं तर झोप लागली असं म्हणायचंच नाही. मग दिवसा डोळे मिटणारच. झटका आलेल्या पुष्कळ माणसांत हे सापडतं, काहींत आधीपासूनच असतं, आणि उपाय केला नाही तर पुन्हा झटका यायला मदतच करतं.

दादा म्हणाला, "म्हणजे मी रात्रपाळी करून दिवसा पुन्हा ड्युटीवर?"

"बरोबर तसंच," डॉक्टर म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत होतो. दोन वर्षं मी त्याला आळशी म्हणत होतो, आणि त्यावर ते दुसरं.

पुतण्या मुंबईला नोकरीला होता. त्याने तिथल्या इस्पितळात तपासणी ठरवली. डोक्याला, छातीला वायरी लावून दादाला एक रात्र झोपवलं. परत आल्यावर तो सगळ्यांना सांगायचा, "लोक मुंबईला नोकरीला जातात. मी झोपायला गेलो." मग महिनाभराने पुतण्याने ते यंत्र आणलं. पाटाएवढं खोकं, त्याला नळी, आणि नाकावर बसवायचा मुखवटा. त्यातून हवा जोरात येते आणि घसा मिटू देत नाही. पहिल्या दिवशी दादाने तो लावला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगोबाई, घरातच गणपती बसला." पहिले आठ दिवस त्याने ते यंत्र चारदा काढून फेकलं. नाकावर वळ उठले. त्यात आमच्याकडचे वीज जाण्याचे दिवस. शेवटी बॅटरीवर चालणारी सोय केली, मुखवट्याखाली वहिनींनी मऊ कापडाची पट्टी शिवून दिली, आणि हळूहळू ते अंगवळणी पडलं.

मग एका दुपारी मी ओटीवर आलो तर दादा जागा. पेपर वाचत होता. तीन वाजले, जागा. चार वाजले, जागा. निविदांच्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या. मग गडग्यापलीकडे बोट करून म्हणाला, "अरे, या शेजाऱ्यांनी वरचा मजला केव्हा चढवला?"

"वर्ष झालं."

"मला सांगितलं नाहीत?"

"वास्तुशांतीला तू होतास की! जेवलास. पंगतीत झोपलास."

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. घर पुन्हा वेळेवर चालायला लागलं. न्हाणीघराचे चार्ज सुरू झाले. भेटेल त्याला दादा सांगायचा, "हा माझा भाऊ. याने दुपारच्या दुपारी माझ्या उशाशी बसून श्वास मोजले. हा नसता तर मी नसतो." स्टँडवरच्या जुन्या लोकांना मुद्दाम नेऊन ती वही दाखवायचा. लग्नाच्या मांडवात तर माईक घेऊन बोलला. माझा सत्कार करायचं तेवढं राहिलं. मी त्या वेळी श्रीखंडाकडे बघत बसलो होतो. एक घास गेला नाही.

पुढचा मे आला. साठं घातली. वहिनींनी काठी दादासमोर धरली. "घ्या आता. आता तुम्ही आमच्यापेक्षा जागे."

दादा मागे सरकला. "नको. दुसऱ्या कुणालाही द्या. जागा असलो तरी त्या दिवसाची आठवण येते. माझ्या हातून ते झालं."

तेव्हा मला कळलं की डॉक्टरांनी त्याची झोप बरी केली होती. दुसरं दुखणं माझ्याकडून आलेलं होतं आणि त्याचं औषध मुंबईत मिळणार नव्हतं. तरीही मी ते वर्ष घालवलं. त्याच्या पुढचंही. तिसऱ्या मे महिन्यात एका दुपारी मी स्वतः राखणीला बसलो होतो. दादा सावलीत येऊन उभा राहिला, ताटांपासून जरा लांब, परक्या घरी उभं राहावं तसा. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "दादा, चार्ज माझ्याकडे होता."

"कसला?"

"त्या वर्षीचा. तू मला काठी दिलीस. मी घेतला म्हणालो. मग शेजारी सामना बघायला गेलो. तू नंतर परत येऊन बसलास."

एक कावळा ताटाशी येऊन बसला तरी दोघेही हललो नाही. मग त्याने विचारलं, "वेळ?"

"एक वाजून पन्नास."

"आणि तू स्टँड सोडलास केव्हा?"

"दोन."

"पुढच्या माणसाला चार्ज न देता?"

"हो."

दादाने कावळ्याला हाड केलं. मग हात पुढे केला आणि माझ्या हातातली काठी काढून घेतली. मला उठवून खुर्चीत बसला. चेहरा लाल झाला होता. राग होता का, मला अजून ठरवता येत नाही. म्हणाला, "मेल्या, तीन वर्षं मी स्वतःला शिव्या देत होतो!" आणि जरा थांबून, "सामना तरी जिंकलो का?"

"हरलो."

"बरं झालं." मग तो हसला. आधी नाकातून, मग मोठ्याने. "हे बघ, मी घरात कुणाला सांगायचा नाही. तुझी चूक तू सांग. मला लेखी रिपोर्ट पाहिजे. तारीख, वेळ, कारण, सही. मी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन."

त्या दिवसापासून तो पुन्हा राखणीला बसायला लागला. कावळ्यांना गाड्या लागायला लागल्या. मी मात्र रिपोर्ट दिला नाही. लिहायला बसायचो, फाडायचो. दर मे महिन्यात दादा काठी हातात घेताना मला विचारायचा, "रिपोर्ट?" मी म्हणायचो, "टायपिंगला दिलाय." तो म्हणायचा, "कोर्टाचं काम, व्हायचंच उशिरा." वहिनींना वाटे आम्हा भावांचा काही जुना विनोद आहे. पाच-सहा वर्षं असं चाललं. मग एका पहाटे तो गेला, शांतपणे. त्याने शब्द पाळला. कुणालाही सांगितलं नाही. गोष्ट चुकीची राहिली आणि माकडीण करून दाखवायला वहिनी राहिल्या.

गेल्या आठवड्यात वहिनींनी ती नव्या नातसुनेला सांगितली. नातसून हसून म्हणाली, "आजोबा फारच झोपाळू होते का हो?" त्याचा आता फोटोच आहे भिंतीवर, तो काय बोलणार. मी आत जाऊन हे लिहायला बसलो.

काल संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, मी हे सगळं वहिनींना वाचून दाखवलं. त्यांचं वय आता शहाऐंशी. ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने वाचावं लागलं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनीच ऐकलं. "माझ्याकडे होता?" हे मला दोनदा वाचावं लागलं. वाचून झाल्यावर वहिनींनी एवढंच विचारलं, "सव्वीस ताटं ना?"

"सव्वीस."

"आणि यांना ठाऊक होतं?"

"शेवटची काही वर्षं."

"तरीच," त्या म्हणाल्या, "दर मे महिन्यात तुमच्याकडे बघून हसायचे." आणि पदराने डोळे टिपून आत निघून गेल्या. त्या जेवायला माझ्या पंगतीला बसल्या नाहीत.

आज सकाळी उठून बाहेर आलो तर खळ्यात साठांची ताटं मांडलेली होती. फणसाखाली खुर्ची होती. वहिनी काठी घेऊन उभ्या होत्या. डोळे सुजलेले, पण तोंडावर ते माकडिणीचं सोंग करतानाचं हसू.

"घ्या भावोजी," त्या म्हणाल्या. "आणि टीव्ही लागला तर कान बंद करा."

मी काठी घेतली. घड्याळ बघितलं आणि मोठ्याने म्हणालो, "चार्ज घेतला. नऊ वाजून दहा."